मदत हवी आहे: होंडा सिटी २०१४, मागचे ब्रेक शू घरी बदलायचे आहेत, हँडब्रेक १२ खटके वर जातो

कोकणकिनारा

गाडी पेट्रोल, ८२,००० किमी, मुक्काम रत्नागिरी. मागे ड्रम ब्रेक, शू अजून मूळचेच. हँडब्रेक १२ खटके ओढला की कुठे चढावर गाडी थांबते. रिव्हर्समध्ये ब्रेक दाबला की मागून एकदा ‘खट्’ असा आवाज. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर, मग काही नाही. गॅरेजमध्ये दोनदा केबल आवळून दिली, महिन्याभरात पुन्हा तेच.

हाताशी आहे: सॉकेट संच, नोजप्लायर, गाडीसोबतचा जॅक, दोन टनी एक स्टँड. पुढच्या डिस्कचे पॅड घरी बदललेत, ड्रम कधी उघडलेला नाही. शूसोबत आणखी काय आणावं, आणि ड्रम निघेनासा झाला तर काय करायचं?

आटेदार

पहिली गोष्ट, आता केबलला कुणालाही हात लावू देऊ नका. दुखणं तिथे नाही.

केबल ड्रमच्या आतल्या मागच्या शूवरचा लिव्हर ओढते. लायनर, म्हणजे शूवरचं ड्रमला घासणारं अस्तर, झिजलं की शू आणि ड्रममधली फट वाढते. ती भरून काढायचं काम आतल्या ॲडजस्टरचं, म्हणजे दातेरी चाकाच्या स्क्रूचं. तो गंजून अडकला की फट तशीच राहते आणि लिव्हरला जास्त प्रवास करावा लागतो. तो प्रवास बाहेरून केबल आवळून खाल्ला तर लिव्हर कायमचा अर्धवट ओढलेला राहतो, शू नीट मागे बसत नाहीत आणि ॲडजस्टरला पुढचा दात पकडण्याइतकी हालचालच मिळत नाही. म्हणून महिन्याभरात पुन्हा तेच. रिव्हर्समधला ‘खट्’सुद्धा बहुतेक याच ढिल्या फटीचा: चाक उलटं फिरताना शू सरकून खालच्या टेकूवर आपटतात.

आणायचं सामान: दोन्ही चाकांचे मिळून चार शू, स्प्रिंग आणि पिनांचा संच, लिव्हरच्या पिनेच्या चार यू-क्लिपा (दोन लागतात, दोन उडून हरवतात), ब्रेक क्लीनरचे दोन कॅन, ब्रेकसाठीचं उच्च तापमानाचं ग्रीस छोटी ट्यूब. साधं चॅसिसचं ग्रीस नको. ड्रम तापला की ते पातळ होऊन लायनरवर येतं. आणि ८ मिमीचे, १.२५ पिचचे, पूर्ण आट्यांचे दोन बोल्ट, ४० मिमी लांब. हे कशाला ते खाली.

स्टँड एक पुरणार नाही. शेवटी हँडब्रेकची केबल जुळवताना दोन्ही मागची चाकं एकदम हवेत हवीत, तेव्हा दुसरा स्टँड आणि ट्रॉली जॅक कुणाकडून तरी मागून आणा. गाडीसोबतचा कात्री जॅक पंक्चरपुरता.

पाना_दहा_बारा

ड्रम काढण्याबद्दल. सपाट जमीन, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग उचला, स्टँडवर बसवा, आणि *त्यानंतर* हँडब्रेक सोडा. ड्रम निघत नाही म्हणून घामाघूम झालेल्या निम्म्या लोकांचा हँडब्रेक ओढलेलाच असतो. तुमची केबल दोनदा आवळलेली आहे, तेव्हा कन्सोलखालचा तिचा नटही आधी पूर्ण ढिला करा.

होंडाच्या ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन रिकामी भोकं दिसतील. आटेदार यांनी सांगितलेले बोल्ट त्यासाठीच. दोन्ही हाताने घट्ट करा, मग पान्याने आळीपाळीने पाव-पाव फेरा. ते मागे हबवर (ड्रम आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) टेकतात आणि ड्रम सरळ बाहेर ढकलतात. एकच बोल्ट पिळत गेलात तर ड्रम तिरका होऊन आणखी चावतो. मध्येच ‘टण्’ असा आवाज आला की समजा गंज सुटला.

ड्रम अर्धा इंच येऊन अडकला तर तो गंज नव्हे. झिजलेल्या ड्रमच्या आतल्या काठाला कंगोरा तयार होतो आणि शू त्यात अडकतात. ओढत बसलात तर शूच्या पिना वाकतील. ड्रमच्या मागच्या पत्र्यावर रबरी बूच असतं, ते काढा. एका बारीक स्क्रूड्रायव्हरने ॲडजस्टरची पट्टी दात्यांपासून दूर धरा आणि दुसऱ्याने दातेरी चाक ढिल्या दिशेने फिरवा. पट्टी दूर धरली नाही तर चाक त्या दिशेला फिरणारच नाही.

सावकाश_चालवा

धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, फुंकूही नका. जुन्या किंवा स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. खाली पसरट ट्रे ठेवा, ब्रेक क्लीनर मारून सगळं ओलं करा, चिंधीने पुसा, चिंधी पिशवीत बांधून टाका. घरचा झाडू अजिबात नको.

आणि दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक बाजू पूर्ण होईपर्यंत दुसरी नमुना म्हणून राहू द्या. फोटो काढालच, पण कोणती स्प्रिंग पुढून आणि कोणती मागून अडकवली आहे हे फोटोत धड दिसत नाही.

कोकणकिनारा

सगळ्यांचे आभार. ड्रम निघाले, बोल्टांची युक्ती चालली. उजवीकडे लायनर १.५ मिमी उरलंय, कोरडं. डावीकडे पुढच्या शूचं लायनर वरच्या टोकाला काळं, ओलसर, चिकट आहे. ड्रमवर कडेला कंगोरा आहे, आत बारीक रेघा. ते लायनर पेट्रोलने धुऊन वाळवलं तर चालेल का? तसेही शू नवीनच घालतोय, पण ओल कुठून आली असेल?

आटेदार

लायनर धुण्याचा विषय सोडा. ब्रेक ऑईल त्यात मुरतं, वरून वाळल्यासारखं दिसतं आणि तापलं की पुन्हा बाहेर येतं. २ मिमीच्या खाली गेलं की तसंही ते बाद.

ओल व्हील सिलिंडरची, म्हणजे ब्रेक ऑईलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची. वरच्या सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या नखाने हलकेच उचलून बघा. आत नुसता दमटपणा असेल तर चालतं. थेंब ओघळला तर सिलिंडर बदला. नुसतं रबर किट टाकू नका. समुद्राकाठच्या गाडीत सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे असतातच, आणि नवीन रबर त्यावर घासून दोन महिन्यांत जातं. माझं मत, डावा गळतोय तर उजवाही बदलून टाका. दोघांचं वय एकच.

ड्रम उघडा असताना घरातल्या कुणी पेडल दाबलं तर पिस्टन बाहेर येऊन पडतील. स्टिअरिंगला चिठ्ठी लावून ठेवा.

पाना_दहा_बारा

सिलिंडर काढायचाच तर त्याला येणाऱ्या ब्रेक पाईपचा नट आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून भिजत ठेवा. त्याला साधा १० चा उघडा पाना लावू नका, कोपरे गोल होतात आणि मग पाईपच बदलावा लागतो. फ्लेअर नटचा पाना घ्या, तो नटाला जवळजवळ पूर्ण वेढतो. नट फिरताना पाईपही सोबत पिळला जातोय का ते बघत राहा. तसं दिसलं तर थांबा, अजून तेल मारा. पाईप मोकळा झाला की हवा काढायच्या निप्पलवरची रबरी टोपी त्याच्या तोंडावर चढवा, गळती थांबते.

ब्रेक ऑईल रंगावर पडलं तर पुसू नका, लगेच पाणी ओता.

लेथवाला

ड्रमबद्दल. कंगोरा आणि रेघा आहेत म्हणजे लगेच लेथवर मारायलाच (आतून तासून सपाट करायलाच) हवा असं नाही. ड्रमवर कमाल व्यास ओतलेला किंवा ठोकलेला असतो. २०० मिमीच्या ड्रमला तो साधारण २०१ असतो. आतून दोन आडव्या-उभ्या दिशांना व्हर्निअरने मोजा. माप घेताना कंगोऱ्यावर नको, जिथे शू घासतात तिथे. दोन दिशांच्या मापात फरक आला तर ड्रम अंडाकृती झालाय, पेडलला धडधड येते. तो मारून घ्या. मारल्यावर कमाल मापाला टेकत असेल तर नवीनच आणा, कारण तुमच्या पुढच्या ५०,००० किमीची झीज कुठून येणार? एक मारला तर दुसराही त्याच मापाला मारायचा.

नखाला जेमतेम लागणाऱ्या रेघा असतील तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवे-तिडवे हात फिरवून चकाकी घालवा आणि क्लीनरने पुसा. बस्स.

आटेदार

आता बसवणं. इथे चुका होतात म्हणून सविस्तर.

मागच्या पत्र्यावर शू ज्यावर सरकतात ते उंचवटे असतात, साधारण प्रत्येक शूला तीन. त्यावर खाच पडली असेल तर कानस मारून सपाट करा. खाचेत अडकलेला शू परत येत नाही आणि ड्रम तापतो. त्यावर ग्रीस मोहरीएवढं, बोटाने पसरून. सिलिंडरच्या रबरी टोप्यांना पेट्रोलियमचं ग्रीस लागू देऊ नका, रबर फुगतं.

जुन्या मागच्या शूवरचा हँडब्रेक लिव्हर नव्या शूवर घ्यायचा. पिन, मग लहरी वॉशर, मग यू-क्लिप. क्लिप पक्कडीने दाबून बंद करा. जुनी क्लिप पुन्हा वापरू नका. लिव्हर हाताने हलवून बघा, न अडकता हलला पाहिजे.

ॲडजस्टर पूर्ण उघडा, तारेच्या ब्रशने आटे साफ करा, किंचित ग्रीस लावून शेवटपर्यंत आत फिरवा. डावा आणि उजवा ॲडजस्टर वेगळे असतात: एकाचे आटे सरळ, एकाचे उलटे. अदलाबदल झाली तर दर ब्रेकला तो लांब होण्याऐवजी आखूड होत जातो, आणि तुम्ही पुन्हा १२ खटक्यांवर. एकाला आत्ताच रंगाचा ठिपका मारून ठेवा.

दोन्ही शू वरच्या स्प्रिंग आणि ॲडजस्टरसकट आधी जोडून घ्या, केबल अडकवा, मग सगळा संच पत्र्यावर ठेवून पिना-कप लावा, खालची स्प्रिंग शेवटी. लायनरला तेलकट बोटं नकोत.

ड्रम चढवायच्या आधी एक बघा: मागच्या शूवरचा लिव्हर शूच्या कडेला पूर्ण टेकलाय का. मध्ये अंतर असेल तर केबल अजून ताठ आहे. ती ढिली करा, मगच पुढे.

आता ड्रम घालून बघा, काढा, ॲडजस्टर दोन-चार दाते वाढवा, पुन्हा घाला. फिरवताना लायनर हलकंसं ‘सस्स्’ करत घासलं पाहिजे, हाताला अडलं नाही पाहिजे. हबच्या मधल्या गोलावर गंज ब्रशने काढून नावाला ग्रीस लावा. चाकाचे नट ज्यावर बसतात त्या स्टडना लावू नका.

कोकणकिनारा

दोन्ही सिलिंडर बदलले, शू बसले, ड्रम हलकेच घासत फिरतायत. ब्रेकच्या पाईपांतली हवा काढताना चाकांचा कोणता क्रम? आणि ब्रेकच्या टाकीतलं ऑईल चहासारखं काळपट आहे.

पाना_दहा_बारा

काळपट आहे म्हणजे चारही चाकांचं बदला, क्रम तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल, सीलबंद डबा. उघडा पडून राहिलेला नको, ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं आणि तुमच्याकडच्या हवेत तर भरपूर. डॉट ५ मात्र वेगळं, सिलिकॉनचं. ते घालायचं नाही.

निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑईलमध्ये बुडवा. आतला माणूस ‘दाबलं’ म्हणाला की निप्पल अर्धा फेरा उघडा, बंद करा, आणि मगच त्याने पेडल सोडायचं. ८०,००० चाललेल्या गाडीत पेडल पार खाली दाबू नका. मास्टर सिलिंडरच्या (पेडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) त्या भागात पिस्टन कधी जातच नाही, तिथल्या गंजावर रबर फाटतं. पेडलखाली लाकडाचा ४–५ सेमीचा तुकडा ठेवा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. बाटलीतलं परत टाकीत ओतू नका.

आटेदार

त्यानंतर इंजिन चालू करून पेडल वीस-तीस वेळा दाबा, ॲडजस्टर आपापली जागा घेतील. आता, आणि आत्ताच, केबल. दोन्ही मागची चाकं हवेत, हँडब्रेक एक खटका वर, आणि चाकं हाताने फिरवताना किंचित अडेपर्यंत कन्सोलखालचा नट आवळा. हँडब्रेक पूर्ण सोडला की चाकं मोकळी फिरली पाहिजेत. एक जरी घासलं तर नट मागे घ्या. मग सिटीत साधारण ६ ते ९ खटक्यांत पकड यायला हवी.

चाकाचे नट समोरासमोर, १०८ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण २२ किलो भार. पान्यावर उभे राहू नका.

सावकाश_चालवा

पहिली चाचणी सोसायटीच्या आतच, पायी चालण्याच्या वेगाने. मग रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने दहा-बारा वेळा, मध्ये मध्ये थंड होऊ देत. लगेच घाटात उतरू नका. घरी आल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात न्या (टेकवू नका). एक बाजू स्पष्ट जास्त गरम असेल तर तिथे शू मागे येत नाहीयेत.

कोकणकिनारा

८ खटके, चढावर थांबते, दोन्ही बाजू सारख्या कोमट. पावसात रात्रभर उभी ठेवल्यावर पहिल्या ब्रेकला खरखर अजून येते.

लेथवाला

ती ड्रमवरच्या रात्रीच्या गंजाची, दोन ब्रेकमध्ये पुसली जाते. गाडी धुतल्यावर किंवा चार दिवस उभी राहणार असेल तेव्हा हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतं. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा.