बाबांची साठी आणि स्टेकहाउसमधलं पूर्ण कोर्सचं जेवण, कसं ठरवू?

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझ्या बाबांना ऑगस्टमध्ये साठ पूर्ण होतायत. बाबा २८ वर्षं तारवटी होते, क्रूझ जहाजांवर. आधी असिस्टंट वेटर, मग वेटर, शेवटची काही वर्षं हेड वेटर. म्हणजे दुसऱ्यांचे वाढदिवस, लग्नाचे पंचवीस वर्षांचे सोहळे हे सगळं त्यांनी हातात ट्रे धरून बघितलं. सुट्टीवर आले की आम्हाला सांगायचे, काल पाच कोर्सचं डिनर होतं, स्टेक, म्हणजे भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा, असा कापतात, सॉस कुठल्या बाजूने वाढतात, आणि आम्ही दोघं भावंडं तोंड उघडं ठेवून ऐकायचो. तुम्ही खाल्लं का विचारलं की म्हणायचे आमचं जेवण खाली क्रू मेसमध्ये, भात आणि करी. अशा ठिकाणी पाहुणा म्हणून टेबलाशी बसून ते आजपर्यंत एकदाही जेवलेले नाहीत. मला ते एकदा घडवायचंय.

आम्ही चौघं असू, आईबाबा, मी, भाऊ. बजेट १५-१६ हजार, कांदोळी-आसगाव साइडला किंवा पणजीत. पण आई बीफ खात नाही, मासे आणि चिकन खाते. मी स्वतः असल्या ठिकाणी कधी गेले नाही. मिडियम रेअर म्हणजे आतून लाल, मग ते कच्चं नाही का? रक्त दिसतं म्हणतात. आणि सगळ्यात मोठी काळजी अशी की बाबा तिथे बसून जेवतील की नुसतं वेटरकडे बघत बसतील, कारण घरच्या लग्नातसुद्धा ते पहिल्या पंगतीला बसत नाहीत, वाढायला उभे राहतात.

शिवोली_ग्रिल

मी ११ वर्षं ग्रिल सेक्शनला आहे म्हणून आधी मांसाचं सांगतो.

ते लाल पाणी रक्त नसतं. रक्त जनावर कापतानाच निघून जातं, हा मायोग्लोबिन, स्नायूतला रंग. मिडियम रेअर म्हणजे आतलं तापमान साधारण ५४ ते ५७ डिग्री, मिडियम साठच्या जरा वर, सत्तरच्या पुढे वेल डन. गोव्यात गाय कापायला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे इथल्या मेन्यूवर बीफ लिहिलेलं असतं ते बैलाचं नाहीतर म्हशीचं. ह्या मांसात चरबीच्या रेषा फार कमी असतात. परदेशी फोटोत दिसतं तसं संगमरवरी मांस इथे नाही मिळत आणि म्हणूनच ते जास्त शिजवलं की कोरडं पडतं. बाबांना मिडियमच्या वर जाऊ देऊ नका. दात नाजूक असतील तर टेंडरलॉइन सांगा, आपल्याकडे खाटीक अंडरकट म्हणतात तो, सगळ्यात मऊ. चव जास्त हवी असेल तर रिबआय, बरगडीजवळचा तुकडा, पण तो थोडा चावावा लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टेक ग्रिलवरून काढल्यावर पाचेक मिनिटं तरी ठेवून द्यावा लागतो, नाहीतर कापल्या कापल्या सगळा रस प्लेटमध्ये. त्यामुळे उशीर झाला तर चिडू नका, किचन तुमच्यासाठीच थांबलेलं असतं. आणि ब्रेड-बटर येतं त्याने पोट भरू नका हो, लोक तिथेच फसतात, मग २५० ग्रॅमचा स्टेक अर्धा परत येतो आणि आम्हाला आत खूप वाईट वाटतं.

चौघांत दोन स्टार्टर पुरतात. सूप हवंच असेल तर छोटं मागा. स्टेकबरोबरचे बटाटे, पालक वगैरे बऱ्याच ठिकाणी वेगळे मागवायचे असतात, त्याचे पैसेही वेगळे, ते आधी विचारून घ्या.

म्हापशाची_मावशी

अगं पण ऑगस्टमध्ये म्हणजे श्रावण आला ना! तुझी आई पाळत असेल तर ती बिचारी तिथे सॅलड खात बसेल. आणि श्रावण संपला की चवथ, चवथीनंतर पितृपक्ष, मग नवरात्र. मी तर म्हणेन वाढदिवसाला घरी औक्षण, गोडाधोडाचं जेवण करा, साठीची शांत करायची असेल तर तीही करून घ्या, आणि हे मोठं जेवण दसऱ्यानंतर ठेवा. दसरा ते दिवाळी वीस दिवस मिळतात, पाऊस गेलेला असतो, माशांवरची बंदी ३१ जुलैला संपलेली असते त्यामुळे तोपर्यंत मासाही चांगला यायला लागतो. पुढे डिसेंबरमध्ये तर त्या भागात गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

आईसाठी मेन्यूवर सी बास किंवा बारामुंडी दिसला तर घाबरू नका, तो आपला चोणक. जाड तुकडा, फक्त मीठ-मिरी-लोणी लावून भाजतात. आपल्या जिभेला आधी फिका लागतो, तिला आधीच सांगून ठेव म्हणजे तिथे तोंड वाकडं करणार नाही. मुख्य म्हणजे फोन करून विचार की मासा आणि बीफ एकाच ग्रिलवर भाजतात का. चांगल्या ठिकाणी वेगळ्या पॅनमध्ये करून देतात, मागायला लाजू नये. माझ्या सासूबाईंसाठी मी असंच विचारलं होतं, त्या निश्चिंत जेवल्या.

मडगावकार

बिलाचं मी सांगतो. मेन्यूवरच्या किमतीवर टॅक्स धरायला विसरू नका. स्वतंत्र रेस्टॉरंट असेल तर जीएसटी ५ टक्के, पण खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलातलं असेल तर १८ टक्के. १५ हजारांच्या जेवणात हा फरक जवळपास दोन हजारांचा होतो. वाइन-बियर घेतली तर त्याला जीएसटी नाही, व्हॅट असतो. आणि सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो तुमच्या मर्जीवर आहे, २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसं स्पष्ट केलंय आणि २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच धरलं. काढायला सांगितलं की काढतात. टिप मात्र मनासारखी द्या, तुमच्या बाबांना ते जास्त आवडेल असं मला वाटतं.

जुना_तारवटी_वास्को

मुली, तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. मीसुद्धा २२ वर्षं जहाजावर स्टुअर्ड होतो.

बाबा वेटरकडे बघणार, हे होणारच. त्यांना थांबवू नको. आमची नजर आपोआप जाते, ग्लास रिकामा झाला का, सुरी बरोबर ठेवली का. माझ्या मुलाने मला असंच नेलं होतं तेव्हा पहिली पंधरा मिनिटं हात कुठे ठेवायचे तेच मला कळेना. पण मग तिथला पोरगा माझ्याशी बोलायला लागला, कुठल्या कंपनीत होता काका, किती वर्षं, आणि मी सुटलो. म्हणून टेबल बुक करताना त्यांना सांगून ठेव की साठी आहे आणि बाबा ह्याच लाइनमधले आहेत. केक आणि टाळ्या नको सांग. आम्ही आयुष्यभर बर्थडेची गाणी गायली आहेत, स्वतःसाठी ती ऐकायला फार अवघड जातं.

टेबल किचनच्या दारापासून लांब मागून घे. दार दिसलं की ते प्रत्येक ट्रे मोजत बसतील.

आणि ऑर्डर त्यांनाच देऊ दे, चौघांचीही. तू मेन्यू आधी ठरवून ठेवलास तर ते आभार मानतील आणि गप्प बसतील. कुठल्या स्टार्टरनंतर काय खावं, मध्ये लिंबाचं गोठवलेलं सॉर्बे का देतात, हे त्यांना तुमच्यासमोर सांगू दे. २८ वर्षं हे ज्ञान त्यांनी अनोळखी लोकांना दिलंय.

शिवोली_ग्रिल

वास्कोच्या काकांचं बाकी सगळं मान्य, पण किमती बघून ते स्वस्तातलं मागवतील. माझे वडील तसंच करतात, सगळ्यात वरची डिश सोडून चिकन मागतात. निदान स्टेक तरी आधी सांगून ठेवा ना.

जुना_तारवटी_वास्को

हे बरोबर बोललास. काही ठिकाणी पाहुण्यांसाठी किमती नसलेलं मेन्यूकार्ड असतं. मुली, फोनवर विचार, नसेल तर मग स्टेक तू सांग आणि बाकीचं त्यांच्यावर सोड.

फोंडेकरीण

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. आईला विचारलं, मावशी म्हणतायत तसंच, श्रावणात नकोच म्हणाली. दसऱ्यानंतर जाऊ. येऊन लिहीन.

फोंडेकरीण

जाऊन आलो! गेल्या बुधवारी.

किमती नसलेलं कार्ड नव्हतं म्हणून बाबांचा टेंडरलॉइन मी फोनवरच सांगून ठेवला होता, बाकी सगळं बाबांनी मागवलं. कोळंबीचा एक स्टार्टर, एक मशरूमचा, सूप नको म्हणाले. सॉर्बे आलं तेव्हा आईला वाटलं जेवण संपलं, मग बाबांनी तिला समजावलं की हे जिभेवरची आधीची चव पुसायला असतं, आणि तिने आणखी एक मागून घेतलं. चोणक तिला आवडला. वरून लिंबू पिळलं आणि म्हणाली थोडी हळद चालली असती.

बाबांचा स्टेक मिडियम रेअर सांगितला होता, आला मिडियमच्याही पुढे. मी परत पाठवणार होते तर त्यांनी माझा हात धरला. पोरगा नवीन आहे, त्याचा हात थरथरतोय बघ, म्हणाले. मग त्या मुलाला जवळ बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं की पुढच्या वेळी टेबलावर ठेवायच्या आधी ऑर्डर एकदा बोलून दाखव. तो मुलगा आत गेला आणि सांगून-सवरून स्वतःच दुसरा घेऊन आला, त्याचे पैसे लावले नाहीत. तो मात्र बरोबर होता, आतून गुलाबी. बाबांनी चार तुकडे केले आणि पहिला माझ्या प्लेटमध्ये ठेवला. मी खाल्ला. मला वाटलं होतं तसा कच्चा अजिबात नव्हता.

मडगावकार, सगळं धरून बिल १४,२०० झालं, सर्व्हिस चार्ज लावलाच नव्हता. टिप बाबांनी दिली, किती ते आम्हाला बघू दिलं नाही.