मदत हवी आहे: सोसायटीच्या मागच्या भाजीच्या वाफ्यांवर पेव्हर ब्लॉक येणार आहेत

नमस्कार मंडळी,

कर्वेनगरात आमची २० फ्लॅटची जुनी सोसायटी आहे. चार मजले, लिफ्ट नाही. इमारतीच्या मागे कंपाउंडच्या भिंतीलगत साधारण ४० बाय १२ फुटांची पट्टी आहे, तिथे आम्ही काही जण तीन वर्षं भाजी लावतोय. या महिन्याच्या शेवटी वार्षिक सभा आहे आणि परवा आलेल्या विषयपत्रिकेत एक ओळ आहे: मागील जागेत पेव्हर ब्लॉक बसवून दुचाकी पार्किंग करणे. सभेत काय आणि कसं मांडावं हे मला समजत नाहीये, म्हणून हा धागा.

आधी त्या जागेत राडारोडा होता. कुणाच्या तरी बाथरूमच्या फुटक्या फरश्या, संडासाचं जुनं भांडं, सिमेंटचे गोळे. कमिटीला विचारून आम्ही चौघांनी तो पोत्यांत भरून बाहेर काढला. खालची जमीन नुसता मुरूम, म्हणून विटा रचून वाफे केले. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेली उसाची चिपाडं, वाळका पाला आणि वर पोयटा. पहिल्या पावसाळ्यात अळू, भेंडी, दोडका आणि लाल माठ आला. दिवाळीनंतर मेथी, पालक.

भाजी किती निघते याचा हिशोब मांडला तर फार नाही, खरं सांगते. २० घरांना आठवड्याची भाजी त्यातून कधीच मिळणार नाही. पण मी या इमारतीत १७ वर्षं राहतेय आणि त्यातली १४ वर्षं मला वरच्या दोन मजल्यांवरच्या लोकांची आडनावंसुद्धा दारावरची पाटी वाचूनच माहीत होती. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या तीन मुली आहेत. त्यातली एक यवतमाळकडची, घरी शेती. दोडक्याचा वेल मांडवावर कसा घ्यायचा, शेंडा कधी खुडायचा, हे आम्हाला तिने शिकवलं. पहिल्या मजल्यावरच्या आजी कंबरेच्या ऑपरेशननंतर खाली उतरलेल्या नाहीत, पण त्यांची गॅलरी मागच्या बाजूला आहे. तिथून रोज सकाळी सूचना येतात. "अगं, त्या पडवळाला दगड बांध, नाहीतर वेडंवाकडं वाढेल." बांधला, आणि पडवळं सरळसोट उतरली.

गेल्या वर्षी ऋषिपंचमीची भाजी आम्ही सगळ्यांची मिळून केली. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, हाताने पिकवलेलंच खायचं, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि दरवर्षी मंडईतून जुडगा विकत आणत आले. पहिल्यांदाच खरोखर आपल्या हातचं होतं. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा मागच्या वाफ्यांतला. मका आणि सुरण तेवढं विकत आणलं. एक मोठं पातेलं खालच्या पॅसेजमध्ये ठेवलं आणि १६ घरांतून वाट्या आल्या.

आता पार्किंगवाल्यांची बाजू. त्यांची अडचण खोटी नाही. घरटी दोन-दोन दुचाकी झाल्यात, रात्री उशिरा येणाऱ्याला गाडी रस्त्यावर लावावी लागते. मागच्या जागेत १२-१५ गाड्या बसतील असं त्यांचं म्हणणं आहे. बाजूचा बोळ अरुंद आहे, तिथून रोज गाड्या न्यायच्या-आणायच्या म्हणजे तळमजल्यावरच्यांच्या खिडकीखालून जाणार, याचा विचार मात्र कुणी केलेला दिसत नाही. दुसरं म्हणजे पावसाचं पाणी. आज ते मातीत मुरतं. ब्लॉकखाली काँक्रीट घातलं तर ते कुठे जाणार?

मला सगळ्यात जास्त खटकतंय ते हे, की रोज पाणी घालणाऱ्या त्या तीन मुली भाडेकरू आहेत. त्यांना सभेत मत नाही. मत असलेल्यांपैकी कितीतरी जण बाहेरगावी असतात आणि त्यांनी ही बाग पाहिलेलीही नाही.

तर मदत अशी हवी आहे. तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीने सामाईक जागेत बाग ठेवण्याचा ठराव केला असेल तर त्याचे शब्द कसे होते? जबाबदारी कुणावर, खर्च कुणाचा, हे त्यात लिहिलं होतं का? आणि भाजीची वाटणी कशी करता? आमच्याकडे एकदा कुणीतरी सगळे दोडके एका पहाटे तोडून नेले, त्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. मला वाफ्यांवर घरांचे नंबर टाकायचे नाहीत. तसं केलं की प्रत्येक जण आपलाच वाफा बघेल.

पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण यांतलं एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. आमच्याकडे आठ घरांचा भाजीपाल्याचा कचरा मागेच जिरतो. एवढ्यावर कुणाला सवलत मिळाली आहे का? सभेत पैशाचा मुद्दा सगळ्यांना पटकन पटतो.

शिवाय एक बागेचा प्रश्न. भिंतीकडच्या वाफ्यात मिरची आणि टोमॅटोची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. मागचा नळ बोअरचा आहे, माती वाळली की वर पांढरा थर दिसतो.

---

भर, दोन दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. पिवळ्या पानांबद्दल तिघांनी एकच सांगितलं: सिमेंटच्या राडारोड्यातला चुना आणि बोअरचं जड पाणी यामुळे माती अल्कधर्मी होते, मग लोह असूनही झाडाला घेता येत नाही. काल तो वाफा उकरला. खाली अजून सिमेंटचे तुकडे निघाले. ते काढून भरपूर कंपोस्ट घालतोय, आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात धरायला सुरुवात केली आहे.

पावसाळ्यात कंपोस्टला वास येतो ही तक्रार तळमजल्यावरून होती, तीही रास्त होती. लाकडाच्या वखारीतून भुसा आणायचं सुचवलंत, दोन पोती आणली. एका रात्रीत फरक पडला. तक्रार करणाऱ्या काकूंना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, आता ठीक आहे, पण मत कुणाला देणार ते सांगणार नाही.

पार्किंगसाठी एकाने सुचवलेला तोडगा मला आवडला: पुढच्या बाजूला पट्टे आखून गाड्या तिरक्या लावणे. रविवारी टेप घेऊन आम्ही मोजलं. आत्ता लागतात त्याहून ९ गाड्या जास्त बसतात. तो नकाशा घेऊन मी आधी पार्किंगचा विषय मांडणाऱ्यांच्या घरी जाणार आहे, सभेत एकदम नाही.

ठरावाचे शब्द मात्र अजून हवे आहेत. कुणाकडे असतील तर कृपया इथेच टाका. पहिल्या मजल्यावरच्या आजी सभासद आहेत आणि त्यांनी सभेला यायचं ठरवलंय. त्यांना खुर्चीत बसवून जिना उतरवायला चार माणसं लागतील, तीन मिळाली आहेत.