मदत हवी आहे: सहा फुटी फिशटँकला संप आणि बाहेरचा पंप, पाइपजोडणीचा नकाशा तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी,

संप (टाकीखालची, पाणी गाळायची दुसरी टाकी) आणि बाहेरचा पंप अशी जोडणी स्वतः केलेल्या कुणाचा तरी सल्ला हवा आहे. काचेला भोकं पाडायची वेळ आली आहे. पाइप चुकला तर कापून पुन्हा लावता येतो, काचेचं तसं नाही, म्हणून आधी विचारते आहे.

टाकी १८० सेंमी लांब, ६० रुंद, ६० उंच. काठोकाठ भरली तर ६४८ लिटर. गोड्या पाण्याचीच. माझे बारा एंजल मासे आणि कोरिडोरास या तळाशी फिरणाऱ्या लहान माशांचा एक थवा आत्ता चार फुटी टाकीत आहेत, पण एंजल आता तिथे मावत नाहीत. वळताना त्यांच्या पंखांची टोकं काचेला लागतात, ते बघवत नाही.

संपाचा अनुभव आहे, पण तो चांगला नाही. जुन्या टाकीच्या वेळी पाणी वर नेणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याखाली १२ सेंमी ठेवलं होतं आणि पाणी उलटं येऊ नये म्हणून एनआरव्ही बसवला होता. एका रात्री लाईट गेली. सकाळी खोलीत पाऊल टाकलं ते पाण्यातच. ती टाकी १२० × ४५ सेंमीची, म्हणजे दर सेंमीला ५.४ लिटर. १२ सेंमीचे जवळजवळ ६५ लिटर पाइपातून उलटे खाली आले आणि संप भरून वाहिला. एनआरव्ही उघडून पाहिला तर झडपेच्या फटीत नखाएवढी गोगलगाय अडकलेली. झडप अर्धा मिलिमीटर उघडी राहिली होती, तेवढं पुरलं. मासे वाचले, कारण पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत उतरून थांबलं. पण विजेचा बोर्ड खालीच होता, आणि ते आठवलं की अजून धस्स होतं.

आता नवा बेत सांगते. टाकीच्या मागच्या काचेला आतून ४० × १२ सेंमीचा ओव्हरफ्लोचा कप्पा (टाकीतलं वरचं पाणी यात सांडतं), त्याच्या मागे दोन टँक निपल (काचेच्या भोकात बसणारे पाइपाचे जोड), त्यातून दोन पाइप खाली संपात. एकावर बॉल व्हॉल्व, दुसरा मोकळा. संप ९० × ४५ × ४५ सेंमी, चालू असताना पाणी २८ सेंमी. वर जाणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याखाली ६ सेंमी, आणि पाण्याच्या पातळीलगत पाइपाला एक बारीक भोक, म्हणजे लाईट गेली की तिथून हवा शिरेल आणि सायफन, म्हणजे भरलेल्या पाइपातून पाणी आपोआप खाली ओढलं जाणं, तुटेल. एनआरव्हीवर आता भरवसा नाही.

खरी अडचण पंपाची आहे. आमच्या नेहमीच्या प्लंबरदादांचं म्हणणं, अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक घ्या, संपाच्या वरच्या फळीवर ठेवा, सक्शनला (पंपात पाणी आणणाऱ्या पाइपाला) फूट व्हॉल्व (पाणी परत जाऊ न देणारी टोकाची झडप) लावा, गच्चीवरच्या टाकीला लावतो तसाच. त्यांचं काम मी पाहिलं आहे, हात चांगला आहे. पण फिशटँक त्यांनी कधी केलेला नाही. पंप संपाच्या वर चालेल का? पाइप किती इंची घेऊ? आणि जुन्या टाकीचा तो सततचा गुडगुड आवाज या वेळी नको आहे, त्याला काही उपाय आहे का?

प्रतिसाद १

ताई, नकाशा खूपच विचार करून काढला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पंप. फळीवर नको. फूट व्हॉल्व आणि प्राइमिंग (सुरू करण्याआधी पंपात पाणी भरणं) हे दिवसातून अर्धा तास चालणाऱ्या पंपाला ठीक. तुमचा पंप चोवीस तास चालणार आणि लाईट आली की कुणी घरात नसतानाही आपोआप सुरू व्हायला हवा. फूट व्हॉल्वही शेवटी झडपच. तुमच्या गोगलगाईला तीही चालेल. झडप जराशी गळली की सक्शनचा पाइप रिकामा होतो, पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं. त्यामुळे संपाच्या बाजूच्या काचेला तळाजवळ टँक निपल बसवा, संप १५ सेंमी उंच ओट्यावर ठेवा आणि पंप शेजारी खाली. पाणी स्वतःच्या वजनाने पंपात उतरलं पाहिजे, पंपाला ओढायला लागता कामा नये.

मोनोब्लॉकही नको. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. चोवीस तासांत जवळपास ९ युनिट होतील, आणि हे पंप बहुधा अखंड चालण्यासाठी बनवलेलेच नसतात. आतला बिडाचा भाग गंजतो. पितळेतून तांबं पाण्यात उतरतं, ते गोगलगाई आणि झिंग्यांना विष आहे आणि माशांनाही चांगलं नाही. प्लास्टिक बॉडीचा, चुंबकाने पंखा फिरवणारा, सिरॅमिक दांड्याचा पंप बघा. त्यात मोटारचा दांडा पाण्यापर्यंत येतच नाही, त्यामुळे सील गळण्याचा प्रश्न उरत नाही.

किती पाणी हवं? टाकीच्या पाचपट धरू, तासाला ३२०० लिटर. हे पाणी आतून २५ मिमीच्या पाइपातून सेकंदाला १.८ मीटर वेगाने धावेल, ३२ मिमीतून १.१ आणि ४० मिमीतून ०.७ मीटर. वेग वाढला की घर्षण आणि आवाज दोन्ही वाढतात. तेवढंच पाणी निम्म्या व्यासातून नेलं तर अडथळा सुमारे ३२ पट होतो. म्हणून वर जाणारा पाइप ३२ आणि सक्शन ४० मिमी घ्या. सक्शन आखूड आणि सरळ हवं, पंपाच्या तोंडाशी लगेच एल्बो नको. दोन्ही बाजूंना युनियन (फिरवून सुटणारा जोड) आणि बॉल व्हॉल्व लावा, म्हणजे पंप धुवायला काढताना संप रिकामा करावा लागणार नाही. पण पाणी कमी करायचं असेल तर वरच्या पाइपाचा व्हॉल्व फिरवा. सक्शनचा व्हॉल्व चालू पंपावर कधीच आवळू नका, आत बुडबुडे होतात आणि पंखा खराब होतो.

पंप निवडताना डब्यावरचा लिटरचा आकडा बघू नका, तो शून्य उंचीचा असतो. संपातल्या पाण्यापासून वरच्या टाकीतल्या पाण्यापर्यंतची उंची मोजा, त्यात एल्बो आणि व्हॉल्वचा अडथळा मिळवा आणि पंपाच्या आलेखावर त्या उंचीला किती पाणी मिळतं ते बघा.

आता ज्याची मला काळजी वाटते ते. सायफन तोडणारं भोक असू द्या, पण हिशेब ते नाहीच असं धरून करा. शेवाळ्याने ते भोक कधी बुजेल सांगता येत नाही. तुमच्या टाकीत दर सेंमीला १०.८ लिटर. तोंड ६ सेंमी खाली, म्हणजे ६५ लिटर. ओव्हरफ्लोच्या कप्प्यातले सातएक आणि पाइपातले दोनेक मिळवून ७४. संपात दर सेंमीला ४.०५ लिटर मावतात, म्हणजे पातळी १८ सेंमी चढेल. २८ आणि १८, झाले ४६. संप ४५ चा आहे.

प्रतिसाद २

वरचं सगळं पटलं. एकच भर घालतो. भोक पाडायच्या आधी काच टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना, याची खात्री करा. टफन्ड काचेला ड्रिल लावलं की अख्खी काच चुरा होऊन खाली येते, आणि मोठ्या टाक्यांचा तळ पुष्कळदा टफन्ड असतो. ओळखायची सोपी युक्ती आहे. मोबाइलचा किंवा कॉम्प्युटरचा पांढरा पडदा काचेमागे धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून समोरून बघा. टफन्ड काचेत काळपट डाग, पट्टे दिसतात. आणि आधी टँक निपल हातात घ्या, मगच भोकाचं माप ठरवा. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान एका भोकाएवढी लांब हवी.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. ४६ चा आकडा वाचून वही काढली आणि पुन्हा पुन्हा मोजलं. बरोबर आहे. भोकावर मी तसाच भरवसा टाकला होता जसा तेव्हा एनआरव्हीवर. पाइपाचं तोंड आता २ सेंमी खाली आणि संपातलं पाणी २५ सेंमी धरते. मग २२ लिटर टाकीतले, ९ ओव्हरफ्लोच्या कप्प्यातले आणि पाइपातले, एकूण ३१. पातळी साडेसात सेंमी चढून ३३ च्या आत राहते.

मागची काच तपासली, साधी आहे. आवाजाचं मात्र राहिलं.

प्रतिसाद १ (पुन्हा)

आवाज येतो तो पाणी आणि हवा एकाच पाइपातून जाताना भांडतात म्हणून. पाइप पूर्ण पाण्याने भरला की आवाज थांबतो. त्यासाठी दोन नाही, तीन पाइप करा, तिन्ही ३२ चे. पहिल्यावर व्हॉल्व लावून तो इतका आवळायचा की पाइप सतत भरलेला राहील आणि जवळजवळ सगळं पाणी त्यातूनच जाईल. दुसऱ्याचं तोंड जरा वर, त्यातून भिंतीलगत पातळ धार. तिसरा त्याहूनही वर, कायम कोरडा. पहिला तुंबला तर तो कामाला येतो, म्हणून त्याच्यावर कधीही व्हॉल्व नको.

पहिल्यावर बॉल व्हॉल्वऐवजी गेट व्हॉल्व घ्या. बॉल व्हॉल्व पाव फेऱ्यात पूर्ण उघडझाप करतो, त्याने बारीक जुळवणी होत नाही. आणि पहिल्या पाइपाचं खालचं टोक संपातल्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडवा. खोल बुडवलंत तर सुरुवातीला आतली हवा बाहेर ढकलली जात नाही आणि सायफन लागायला वेळ लागतो.

उलटा हिशेबही करून ठेवा. तिन्ही पाइप तुंबले आणि पंप चालूच राहिला तर काय? संपाच्या ज्या कप्प्यातून पंपाला पाणी मिळतं, त्यातलं सगळं पाणी वर जाईल. तुमचा तो कप्पा केवढा आहे?

धागाकर्तीचा प्रतिसाद

३० × ४५ सेंमी. सक्शनचं भोक तळापासून ८ सेंमीवर, पाणी २५ पर्यंत. म्हणजे १७ सेंमीचे २३ लिटर. टाकीत ते दोनच सेंमी चढतील, वर मी ४ सेंमी मोकळी जागा ठेवली आहे. हे सुटलं म्हणायचं!

धागाकर्तीचा प्रतिसाद (सोळा दिवसांनी)

जोडणी झाली. प्लंबरदादांना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी न कुरकुरता फळी काढली आणि ओटा बांधून दिला. निपलचं रबर पाण्याच्या बाजूला ठेवून हातानेच आवळलं, पाइप चिकटवायचं सॉल्व्हंट एक पूर्ण दिवस वाळू दिलं, मग मासे न घालता नुसतं पाणी भरलं.

गेट व्हॉल्व जुळवायला वीसेक मिनिटं लागली. आधी खूप गुडगुड, मग पाइपातून हवेचा एक मोठा घोट निघाला आणि एकदम शांत. आता पंपाची बारीक घरघर ऐकू येते, पाण्याचा आवाज नाही.

मग सायफनच्या भोकावर मुद्दाम चिकटपट्टी लावली आणि बटण बंद केलं. संपावर ३३ ला पेनाने रेघ मारून ठेवली होती. गुडघे टेकून बघत बसले. पाणी चढत चढत रेघेच्या बोटभर खाली थांबलं. तीनदा बंद-चालू केलं, तिन्ही वेळा पाइप आपोआप भरले. विजेचा बोर्ड आता भिंतीवर, कमरेच्या उंचीला आहे.

एकच विचारायचं राहिलं. पंपाची ती घरघर पाइपातून ओट्याला आणि ओट्यातून टाकीच्या काचेला जाणवते, हात लावला की कळतं. पंपाखाली रबराची चटई घातली आहे. सक्शन आणि वरच्या पाइपाला पंपाजवळ वीतभर जाड रबरी नळी टाकली तर फरक पडेल का, आणि सक्शनच्या बाजूला ती नळी ओढीने चपटी तर होणार नाही ना?

प्रतिसाद १ (पुन्हा)

फरक नक्की पडेल. पाणी पंपात आपल्या वजनाने उतरतं आहे, त्यामुळे चपटी होण्याइतकी ओढ तिथे नाही. तरी सक्शनला आतून तारेची स्प्रिंग असलेली नळी घ्या आणि दोन्ही टोकांना स्टेनलेस क्लिपा आवळा. एंजल सोडलेत की फोटो टाका.