खाऱ्या पाण्याच्या टाकीला मागे टांगायचा फिल्टर चालेल का?

ठाणेकर: मंडळी, ७५ लिटरची टाकी, दोन क्लाउनफिश, थोडे लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड). सम्पला, म्हणजे खालच्या वेगळ्या फिल्टर-टाकीला, जागा नाही. जुना हँग-ऑन (मागे टांगायचा) फिल्टर पडून आहे, लावू का? दुकानदार म्हणतो, नायट्रेट (घाणीतून पाण्यात साठणारा क्षार) वाढेल.

खारट_काका: लाव बिनधास्त. नायट्रेट वाढतं ते आत कुजत बसलेल्या घाणीमुळे. फिल्टरचं तयार काडतूस (कार्ट्रिज) काढ, साधा फ्लॉस (गाळायचा कापूस) घाल आणि दर तीन-चार दिवसांनी फेकून दे. धुऊन परत वापरायची काटकसर नको! पाणी शुद्ध करायचं जिवाणूंचं काम रॉकमध्ये होतंच. उरलेल्या जागेत कार्बनची पिशवी. फक्त, त्या फिल्टरमधून कधी तांब्याचं औषध फिरलं असेल तर कोळंबी, कोरलच्या टाकीला तो लावूच नकोस.

रत्नागिरीकर: झाकणाच्या कडेला मिठाचा पांढरा थर धरतो, ओल्या फडक्याने पुसत जा. वायरवरून मीठ प्लगकडे सरकतं, म्हणून वायरला खाली झोळ ठेव. आटलेलं पाणी आरओच्या पाण्याने भर, खाऱ्या नव्हे, खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास राहू दे.

ठाणेकर: आणि लाइट गेली तर?

खारट_काका: आल्यावर बघ. फिल्टर नुसता घुरघुरत असेल तर त्याच्या डब्यात टाकीतलंच मगभर पाणी ओत, पाणी परत चढेल.