आधी छतं पांढरी करा

उन्हाच्या तडाख्याचा विषय निघाला की ‘लोकच रस्त्यावर उतरत नाहीत, मग नेते कशाला हलतील’ असं म्हटलं जातं; हे मत मला अर्धंच पटतं. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात एरवीपेक्षा १३०० हून जास्त माणसं दगावली. त्यातून धडा घेऊन महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा आणला: आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, पुढे वस्त्यांमधल्या छतांना पांढरा चुना.

आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये खारघरला, उघड्या मैदानावरच्या सरकारी सोहळ्यात उष्माघाताने माणसं गेली. आमच्याकडे पत्र्याखाली राहणाऱ्या एक आजी भर दुपारी डोक्यावर ओलं फडकं घेऊन जिन्यात बसतात. त्यांनी मोर्चा काढायची वाट कशाला बघायची? चुन्याचा खर्च कुठल्याही नगरसेवकाच्या निधीत बसतो.