मोरपंखी नेमका कोणता?

प्रश्न : कपड्यांच्या एका जाहिरातीचं भाषांतर करतेय. 'टील' या रंगाला मराठीत काय म्हणायचं? 'हिरवट निळा' लिहिलं, तर जाऊबाई म्हणाल्या, ऐकूनच कापड विटल्यासारखं वाटतं. 'मोरपंखी' चालेल का?

उत्तर : तुमच्या जाऊबाईंचा कान पक्का आहे. '-सर' नुसती छटा सांगतो : निळसर, काळसर. '-ट' आला की बरेचदा नापसंती डोकावते : पिवळट, काळपट. शिवाय भाजी कच्ची राहिली की आपण 'हिरवट लागते' म्हणतो. साडीला तो शब्द नकोच.

पण 'मोरपंखी'सुद्धा सरसकट लावू नका. नवरात्रात मोरपंखीचा दिवस आला की लोकलच्या एकाच डब्यात कुणी निळी नेसून येते, कुणी हिरवी, आणि दोघींचंही बरोबर असतं. मोराच्या पिसात निळं-हिरवं रंगद्रव्य नसतंच. असतं ते काळपट मेलॅनिन. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तेव्हा तो रंग दिसतो. म्हणून पीस जरा तिरकं धरलं की निळ्याचं हिरवं होतं.

पैठणीचे विणकर हीच किमया धाग्यांनी करतात. माझ्या आईच्या मोरपंखी पैठणीचा ताणा (उभे धागे) निळा आहे, बाणा (आडवे धागे) हिरवा. खिडकीशी घडी उलगडली की वरचा थर हिरवा दिसतो आणि दुमडीच्या आत निळा साठून राहतो. याला धूपछाव म्हणतात. भिंतीच्या सपाट रंगाला मोरपंखी म्हणायला माझी जीभ वळत नाही ती यामुळेच.

जाता जाता : अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात मोरचुदाचं एक नाव 'शिखिग्रीव' आहे, म्हणजे मोराची मान. पिकांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी भिजत घातलेले मोरचुदाचे खडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ते लगेच पटेल. पंख नाही, मान! काय नजर असेल त्या माणसांची.

आणखी एक प्रश्न : आमच्याकडे साडीच्या दुकानात याला 'रामा' म्हणतात. आणि पिरोजी म्हणजे वेगळा का?

उत्तर : हो, वेगळा. रामा हिरव्याकडे झुकतो. पिरोजी हे नाव पिरोजा या खड्यावरून आलं. शब्द फारसी, इराणातल्या निशापूरच्या खाणी या खड्यासाठी प्रसिद्ध आहेत. अरबीत 'प' नाही, म्हणून त्याचा फिरोजा झाला. मराठीत पिरोजी, फिरोजी दोन्ही चालतात. हा रंग उजळ, टील त्याहून खोल. तेव्हा जाहिरातीत 'गडद पिरोजी' लिहावं असं माझं मत. कापड धूपछाव असेल तरच मोरपंखी.

प्रश्नकर्ती : नमुन्याचं कापड आत्ताच गॅलरीत नेऊन उलटसुलट करून पाहिलं. कसंही धरलं तरी तोच रंग. 'गडद पिरोजी' लिहिते. जाऊबाईंनाही आवडलं.