2004 चा घटस्फोटाचा हुकूमनामा हरवला. कराड कोर्टातून नक्कल कशी काढायची?

कृष्णाकाठ:
आतेबहिणीचा घटस्फोट 2004 साली कराडच्या दिवाणी न्यायालयात (वरिष्ठ स्तर) संमतीने झाला. ती आता फ्रान्समध्ये असते, तिथे पुन्हा लग्न नोंदवायचं आहे. हुकूमनामा हरवलाय, केसचा नंबर माहीत नाही. ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या सरकारी साइटवर) नावाने शोधलं, काही सापडत नाही. ती न येता काम होईल का?

जुना_शिरस्ता:
होईल. आधी नंबर काढा. ई-कोर्ट्सवर नावाने शोधताना ‘प्रलंबित’ सोडून ‘दोन्ही’ निवडा. वर्ष अर्ज दाखल झाल्याचं टाकायचं, निकालाचं नाही. संमतीच्या अर्जात मध्ये निदान सहा महिने जायचे, म्हणजे 2003 पण बघा. नाव मराठी, इंग्रजी दोन्ही लिप्यांत आणि वेगवेगळ्या स्पेलिंगने टाका. तरीही नाही मिळालं तर इतकी जुनी केस कदाचित संगणकावर चढलीच नसेल. मग कोर्टातलं हिंदू विवाह अर्जांचं रजिस्टर बघायला लागेल. साधारण महिना सांगता आला तर शोध लवकर लागतो.

नंबर मिळाला की नक्कल विभागात अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प. अर्जात ‘निकालपत्र आणि हुकूमनामा’ दोन्ही लिहा. हे दोन वेगळे कागद आहेत (पहिल्यात निकाल कारणांसकट, दुसऱ्यात फक्त अंतिम आदेश) आणि परदेशात बहुतेक दोन्ही मागतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 23(4) प्रमाणे पक्षकाराला हुकूमनाम्याची एक प्रत फुकट असते. ती तेव्हाच दिली असेल तर आता पानांप्रमाणे पैसे भरायचे.

तारीख_पे_तारीख:
एवढं कशाला? साइटवरून निकालाची पीडीएफ उतरवा, नोटरी करा.

जुना_शिरस्ता:
नाही चालणार. साइटवरची प्रत फक्त माहितीसाठी असते. कोर्टाचा गोल शिक्का, सही, अर्ज केल्याची आणि प्रत दिल्याची तारीख असलेली प्रमाणित प्रतच लागते.

निशाणी_एक:
बहिणीच्या वतीने अर्ज कोण करणार, हा खरा प्रश्न. तुम्ही नुसते भाऊ म्हणून गेलात तर त्रयस्थ ठरता. वैवाहिक प्रकरणात त्रयस्थाला नक्कल सहज देत नाहीत. सर्वांत सोपा रस्ता म्हणजे 2004 चे वकील. नकला काढण्यापुरतं जुनं वकीलपत्र निकालानंतरही चालू धरतात (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 3 नियम 4). ते नसतील तर नव्या वकिलाच्या नावे वकीलपत्र सही करून मागवा. मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) हवंच असेल तर ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. लोक इथेच अडकतात.

कृष्णाकाठ:
आणि अपोस्टिल, म्हणजे इथला कागद परदेशात खरा मानावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणन, ते कसं?

निशाणी_एक:
प्रमाणित प्रत → मंत्रालयातलं साक्षांकन → परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत एजन्सीमार्फत अपोस्टिल. लॅमिनेशन अजिबात नको, स्टेपलही काढू नका. दोन संच काढा. भाषांतर भारतात करण्याआधी तिथल्या नगरपालिकेला विचारा. फ्रान्समध्ये सहसा तिथल्या न्यायालयांच्या यादीतल्या भाषांतरकाराचंच मागतात, आणि मराठीचा असा माणूस शोधायला वेळ लागतो. ‘अपील झालेलं नाही’ असा दाखला हवा का, तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. कराडच्या हुकूमनाम्यावर अपील जिल्हा न्यायालयात जातं, त्यामुळे चौकशी तिथे करावी लागेल. पुण्या-मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयाचा असता तर उच्च न्यायालयात.